शेवटचा हप्ता आणि दीपमाळेचं तेल

"दोनशे रुपये! एकरकमी, आणि आज दिवस मावळायच्या आत! नाहीतर घाणा माझा, बैल माझा!"

मोहरगडच्या राजाच्या सदरेवर लिंबाशेट सावकार असा गरजला की तुळईवरची कबुतरं उडाली. समोर उभी होती भिवरा तेलीण. गावात तेलाचा घाणा एकच, तो तिचा. आणि तिच्या घरची चूल पेटायची ती त्या घाण्यावरच.

आता हे कर्ज कसलं, ते सांगतो. मी पडलो दुकानदार, असली कर्जं घेतलीही आहेत नि दिलीही आहेत. भिवराने तीन वर्षांमागे घाणा आणि बैल घ्यायला दोनशे रुपये उचलले. दर बाजाराला हप्ता एवढासा, की कनवटीला कळू नये. पण त्यातून फिटायचं ते नुसतं व्याज! मुद्दल जागच्या जागी. ते शेवटी एकदम द्यायचं. घेणाऱ्याला बरं, सुरुवातीला ओझं नाही, धंद्याला उसंत मिळते. देणाऱ्यालाही बरं, व्याज येत राहतं, वर तारण हाताशी. शेवटच्या दिवशी दुसऱ्या पेढीवरून नवं कर्ज काढून हे फेडायचं, असा भिवराचा बेत होता. वाईट नव्हता, आम्ही व्यापारीही तेच करतो. पण लिंबाशेट आधीच सगळ्या पेढ्यांवर फिरून आला होता. "त्या तेलिणीला दारात उभी करू नका!" त्याला पैसे नकोच होते. घाणा हवा होता.

राजा महाहट्टी. "कागद झालाय ना? अंगठा उठवलाय ना? मग लिहिलं ते लिहिलं!"

"महाराज, एकच दिवस द्या," भिवरा म्हणाली. "उद्या सकाळी घाण्यावरून मुकाट उठते."

"उद्या? आज म्हणजे आज!" शेट ओरडला.

"शेट, ऐका माझं. आज नका घेऊ. तुमच्या भल्याचं सांगते."

"माझं भलं मला कळतं गं! मोठी आली शिकवायला!"

"बरं तर. पैसे नाहीत आणि संध्याकाळपर्यंत येणारही नाहीत. घ्या!" तिने बैलाचा कासरा शेटच्या हातात दिला.

राजाने हुकूम सोडला, "या घटकेपासून घाण्याचे धनी लिंबाशेट!"

शेटने मिशीला पीळ दिला. भिवरा हात जोडून म्हणाली, "महाराज, आज त्रिपुरी पौर्णिमा. महादेवाच्या दीपमाळेला तेल कोणी द्यायचं?"

"हे काय विचारणं? घाण्याच्या धन्याने! आमच्या आजोबांनी लावून दिलेला मान आहे तो. तेल फुकट. आणि दीपमाळ अंधारी राहिली, तर धन्याचं घरदार सरकारजमा!"

"आणि धनी कोण?"

सगळी सदर शेटकडे बघायला लागली. शेटचा हात मिशीवरच थिजला. दीपमाळ दरवर्षी पेटते एवढं त्याला ठाऊक होतं. तेल कुठून येतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"काढतो! आत्ता काढतो तेल!" म्हणत तो पळाला. घाण्यात तीळ ओतले, बैल जुंपला. बैलाने नव्या धन्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खाली बसला. शेटने ढकललं, दटावलं, शेवटी "दादा, बाबा" केलं. बैल रवंथ करत राहिला. ऊन देवळाच्या कळसावर गेलं, तेव्हा धोतराला तीळ चिकटलेला शेट धापा टाकत सदरेवर परतला.

"भिवराबाई, तुमच्या घरी म्हणे दोन रांजण तेल आहे?"

"आहे की. दीपमाळेसाठीच काढून ठेवलं होतं. तुमच्याकडे तारण घाणा आणि बैल. तेल नाही."

"मग विका मला! वीस रुपये आत्ता घ्या, बाकी हप्त्याहप्त्याने..."

"नको रे बाबा ते हप्ते! त्यांचं शेवटी काय होतं, ते बघितलं मी!"

सदर खो खो हसली. पण राजाला घाम फुटला. "अगं बाई, देवळापुढे गाव जमलंय! दीपमाळ पेटायची कशी?"

"सोपं आहे महाराज. घाणा ज्याचा, त्याने तेल फुकट द्यायचं. घाणा परत माझा करा, शेटना दमडी पडायची नाही!"

"आणि माझं मुद्दल?" शेट कळवळला.

"देणार की! बुडवणारी नाही मी. पण आता दर हप्त्यात थोडं व्याज, थोडं मुद्दल. शेवटचा हप्ता पहिल्याएवढाच!"

शेटने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या माडीकडे पाहिलं, आणि कमरेचा कर्जाचा कागद काढून स्वतःच्या हाताने टराटरा फाडला. भिवराने लगेच दोन्ही रांजण देवळाकडे धाडले.

राजा एवढा हसला की फेटा सुटून मांडीवर आला. "शाब्बास! आजपासून गडाच्या तेलाचा ठेका भिवराबाईंचा! आणि त्याचे पैसे वर्षाच्या शेवटी एकरक..."

भिवराने नुसतं वर पाहिलं. राजाने जीभ चावली.

"नाही, नाही! दर बाजाराला, रोख!"