अंगाला न धरलेला शिक्का

हिरवणी गावाला तट नाही. चहूबाजूंनी मेंदीचे दाट कुंपण आहे. पाहुणे पाने खुडू लागले की गावातल्या धुरपाआजी त्यांना आधी खाली बसवतात आणि चिमाईची हकिकत ऐकवतात.

घाटाखाली एक जहागीरदार गढी बांधत होता, असे सांगतात. दगड वाहायला त्याने बाया वेठीला धरल्या होत्या. काही पळाल्या, तेव्हा त्याने हुकूम सोडला: प्रत्येकीच्या हातावर माझा शिक्का गोंदा. म्हणजे घाटातल्या चौकीवर ती ओळखू येईल आणि जन्मभर माझीच राहील.

काम आले गोंदणाऱ्या चिमाईकडे. तिने आजवर हातांवर तुळस गोंदली होती, मोर गोंदले होते. मालक कधी गोंदला नव्हता. गोंदलेले सरणापर्यंत सोबत जाते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिने सुई बाजूला ठेवली आणि लग्नसराईसाठी जपलेली मेंदी भिजवली.

जहागीरदाराचा कारभारी झोपडीबाहेर बसून होता. आत बाया विव्हळत होत्या. त्यातल्या निम्म्या म्हणे हसू दाबत होत्या. सकाळी हात पाहून तो थबकला.

"गोंदण निळं असतं. हे तांबडं कसं?"

"वलं हाय, कारभारी. रगत निवलं की निळं पडंल," चिमाई म्हणाली. "तुमी कवा गोंदून घेतलंय व्हय?"

"बायकी सोस," म्हणत त्याने तोंड फिरवले. घरच्या बाईचे हातसुद्धा त्याने कधी धड पाहिले नसावेत.

रंग फिका पडू लागला तशा बाया हातांना चिखल फासून दगड वाहू लागल्या. शिक्का पुरता उतरला, तेव्हा एका बाजाराच्या दिवशी हात धुऊन त्या चिमाईला सोबत घेऊन चौकीवर गेल्या. पहारेकऱ्याने एकेकीचा हात उलटसुलट करून पाहिला.

"कुणाच्या गं तुम्ही?" त्याने विचारले.

"आमच्याच," चिमाई म्हणाली.

त्याने वाट सोडली.

घाटमाथ्यावर त्यांनी हे गाव वसवले, भोवती मेंदी लावली. मग चिमाईने सुई काढली आणि प्रत्येकीला विचारले, "आता सांग, काय गोंदू?"

आजही हिरवणीत लग्नाच्या मेंदीत नवऱ्याचे नाव हौसेने काढतात. पंधरवड्यात ते उतरते, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. गोंदण मात्र मुलगी सांगेल तेच. गोंदणारी सुई धरून थांबते, आणि मुलगी बोलेपर्यंत आईबापसुद्धा तोंड उघडत नाहीत.