जिवंत माणसासाठी वाजलेली घंटा

एका गावात, बरं का, एकदा जिवंत माणसासाठी मरणाची घंटा वाजली.

हो, चांगल्या धडधाकट माणसासाठी. ऑल्विन, तोंड मीट, माशी जाईल. आणि टेसी, तू पाय जवळ घे, मला जरा टेकू दे. हं. आता ऐका.

ते गाव होतं खाडीच्या तोंडाशी. पुढे समुद्र, मागे केळीच्या वाड्या, आणि मधोमध पांढरंशुभ्र देऊळ. आपल्यासारखंच, क्रूसाचं. देवळाला उंच मनोरा आणि मनोऱ्यात ही मोठी घंटा. त्या घंटेवर गाव उठायचं, गाव जेवायचं. घंटा वाजवायचा पेद्रू. त्याचा बापही घंटाच वाजवायचा, आणि आजाही.

त्या घंटेला बोलायच्या वेगवेगळ्या तऱ्हा होत्या. गावात बाळाचा बाप्तिस्मा झाला की ती घाईघाईने वाजायची, टणटण टणटण, जसं काही तिलाच पेढे वाटायचेत. त्या वेळी दोरी दोघांनी मिळून ओढायची. एक बाळाचा बाप, दुसरा धर्मबाप. एकट्याने ओढायची नाही, अशी रीत होती. धुकं पडलं की ती न थांबता वाजायची, म्हणजे समुद्रावरच्या होड्यांना कळायचं की घर इकडे आहे. आणि कुणी गेलं, की सावकाश वाजायची. एक टोला, मग गप्प. मग पुन्हा एक. तो टोला ऐकला की लोक हातातलं काम खाली ठेवायचे, क्रूसाची खूण करायचे आणि म्हणायचे, 'देवा, त्याला विसावा दे.' कोण गेलं ते मागून विचारायचं. आधी प्रार्थना.

पेद्रूची बायको कधीच देवाघरी गेली होती. मागे एकच मुलगा, इनास. चांगला विशीतला, उंच, हसरा, आणि पोटाला जरा जास्तच प्रामाणिक. कुणासारखा ते मी सांगत नाही, ऑल्विन. पेद्रूचा धाकटा भाऊ होता जुजे. तो मासेमारी करायचा. इनासचा काका तो, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी इनासला हातात धरणारा धर्मबापही तोच. जुजेची बायको रेमेती काकी. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दोघांचा सगळा जीव इनासवर.

मग काय झालं, थंडीच्या दिवसांत पेद्रूला ताप भरला. सकाळी बघतो तर बाहेर धुकं. हात पुढे केला तर हात दिसेना. पेद्रू अंथरुणातून म्हणाला, "इनास, आज तू वाजव. शेवटची होडी लागेपर्यंत दोरी सोडायची नाही."

इनास वर गेला. वाजवली, खूप वाजवली. हात भरून आले. एकेक होडी किनाऱ्याला लागली. त्याला वाटलं, आता सगळ्या आल्या. आणि खाली एका घरी लग्न होतं, तिथे मैद्याचे गोल गोल गोड फुगे तळत होते. गरम फुग्यांचा वास मनोऱ्यापर्यंत येत होता. इनास म्हणाला, पटकन खाऊन येतो.

तेवढाच वेळ घंटा थांबली.

आणि जुजेची होडी तेवढ्यात खडकावर गेली.

गप्प का झालात? मलाही ही जागा आवडत नाही. पण गोष्ट आहे ती आहे. जुजे बुडाला. दुपारी त्याला पाण्यातून काढून आणलं, दुसऱ्या दिवशी पुरलं. पेद्रू तापातच उठून सगळीकडे उभा राहिला. रडला नाही, बोलला नाही, इनासकडे बघितलंसुद्धा नाही. लोक मातीहून परत आले आणि जुजेच्या अंगणात पेज प्यायला बसले. इनास बापाच्या समोर गेला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, म्हणाला, "बा..."

पेद्रू उठला. सरळ देवळाकडे चालायला लागला. मनोरा चढला. आणि घंटा वाजली.

एक टोला. मग गप्प. मग पुन्हा एक.

लोकांनी पेजेच्या वाट्या खाली ठेवल्या, क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, 'देवा, त्याला विसावा दे.' मग एकमेकांकडे बघायला लागले. आज आणखी कोण गेलं? धावत देवळापाशी गेले. पेद्रू पायऱ्या उतरून खाली आला. कुणीतरी विचारलं, "कोण गेलं रे पेद्रू?"

तो म्हणाला, "माझा मुलगा."

लोकांच्या अंगावर काटा आला. कारण इनास तर आत्ता त्यांच्या मागोमाग धावत आला होता. त्यांनी वळून बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

बघा हं, इनास तिथेच उभा होता. पण त्याच्या पायाशी सावली नव्हती. तो ओरडला, "मी आहे इथे." आवाज फुटला नाही. त्याने एकाचा दंड धरला, त्या माणसाने थंडी वाजल्यासारखं अंग झाडलं आणि निघून गेला. बापाच्या वाटेत तो आडवा उभा राहिला. बाप त्याच्या अंगावरून वारा जावा तसा निघून गेला. घंटा आजवर कधी खोटं बोलली नव्हती. आणि सगळ्या गावाने प्रार्थना म्हटली होती. मग तसंच झालं.

लोक म्हणाले, पोरगा लाजेने गाव सोडून गेला. पेद्रूने जुजेच्या घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. आणि घंटेच्या दोरीला पुन्हा हात लावायचा नाही, अशी शपथ घेतली.

पण त्या गावात एक बाई होती, जिला इनास दिसत होता. कोण ते सांगा. नाही, फादर नाही. बाई म्हटलं ना मी.

रेमेती काकी. तिने त्या दिवशी प्रार्थना म्हटलीच नव्हती. घंटा झाली तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "मी एकाला पोचवून आलेय. दुसरं कुणी मेलेलं नाही माझ्या घरातलं." आणि तिने वाटी खाली ठेवली नाही.

संध्याकाळी इनास तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत यायची हिंमत होईना. काकीने त्याच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. माझा नवरा याच्यामुळे गेला, हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ती रडली, त्याला वाटेल ते बोलली. मग पेज वाढली आणि म्हणाली, "खा." तो रोज तिच्याकडेच जेवायचा. पण जेवलेलं त्याच्या अंगी लागेना. तो दिवसेंदिवस विरळ होत चालला. आधी सावली गेली होती, मग चिखलात पावलं उमटेनाशी झाली. मग एकदा काकीला त्याच्या छातीतून पलीकडची भिंत दिसली आणि तिच्या हातातलं ताट पडलं.

ती पेद्रूकडे धावली. "भावोजी, इनास संपत चाललाय. तुम्ही त्याला हाक मारा." पेद्रूने दार लावून घेतलं. तिने पुन्हा जाऊन सांगितलं, त्याने पुन्हा लावून घेतलं. त्याला वाटायचं, मी राग सोडला तर जुजे दुसऱ्यांदा बुडेल. माणसं अशी वेडी असतात, काय करायचं.

मग पुन्हा धुक्याचे दिवस आले. सगळ्या होड्या समुद्रावर, आणि घंटा वाजवायला कुणी नाही. बायका किनाऱ्यावर उभ्या राहून हाका मारायला लागल्या. आणि एकाएकी वर घंटा वाजायला लागली. पेद्रू तर आपल्या दारात बसलेला. मग वर कोण? लोकांचे पाय जागच्या जागी खिळले. होड्या लागल्या, घंटा थांबली. वर जाऊन बघितलं तर कुणी नाही. गावभर झालं, जुजेचा आत्मा येतो.

पुढच्या धुक्याला फादर स्वतः पवित्र पाणी घेऊन वर चढले. बघतात तर दोरी आपोआप खाली येतेय, आपोआप वर जातेय. त्यांनी पाणी शिंपडलं. दोरी थांबली नाही. फादर पांढरेफटक होऊन खाली आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "पवित्र पाण्याला ते भीत नाही. म्हणजे ते आपल्यातलंच कुणीतरी आहे." तेवढं सांगून ते आंघोळीला गेले.

आणि मग आलं तिसरं धुकं, सगळ्यात दाट. रेमेती काकी पहाटेपासून पेद्रूचं दार वाजवत होती. "भावोजी, आज तो मला नीट दिसलासुद्धा नाही. नुसता हात हलल्यासारखा दिसला, आणि वर गेला." पेद्रूने कडी काढली नाही. वर घंटा वाजायला लागली. पण ती धड वाजेना. एक टोला मोठा, एक बारीक, मग नुसतीच कुरकुर. किनाऱ्यावर बायकांचा आकांत झाला. गावातल्या सगळ्या होड्या बाहेर होत्या.

आता पेद्रू काही झालं तरी घंटावाला. घंटा मोडत चाललेली त्याला ऐकवेना. शपथ राहिली बाजूला. दार उघडून तो धावत सुटला, मनोरा चढला. बघतो तर काय, दोरी हलत होती, पण जेमतेम.

तो दबक्या आवाजात म्हणाला, "जुजे, दमलास का रे?"

आणि दोरीला हात घातला. हात ओला झाला. त्याला वाटलं, समुद्राचं पाणी. हात डोळ्यांसमोर धरला. ते रक्त होतं.

पेद्रू जागच्या जागी थिजला. आयुष्यभर दोरी ओढलेला माणूस तो. धुक्यात दोरी ओढून ओढून तळहाताला फोड येतात, फोड फुटतात, हे त्याला सांगायला नको. पण मेलेल्या माणसाच्या हाताला फोड येत नाहीत, बाळांनो.

त्याने हात दोरीवरून खाली सरकवला. खाली दोन हात होते. दिसत नव्हते, पण होते. ऊन ऊन होते.

पेद्रूने ते हात घट्ट धरले. आजवर न रडलेला माणूस हंबरडा फोडून रडला. म्हणाला, "इनास. मी खोटं वाजवलं रे. तू जिवंत होतास आणि मी खोटं वाजवलं."

नाव घेतलं तसे ते दोन हात दिसायला लागले. नुसते मनगटापर्यंत, सोललेले. पुढे काही नाही. पेद्रू घाबरून ओरडायला लागला, बाकीचा कुठे आहे, बाकीचा कुठे आहे. तोवर रेमेती काकी धापा टाकत वर पोचली होती. ती म्हणाली, "मरणाची वाजवलीत ना? मग आता जन्माची वाजवा."

"जन्माची एकट्याने ओढता येत नाही," पेद्रू म्हणाला. "धर्मबाप लागतो. त्याचा धर्मबाप तर जुजे होता."

"जुजेच्या जागी मी आहे," काकी म्हणाली.

पेद्रू तिच्याकडे बघतच राहिला. "तू? रेमेती, याच्यामुळे तुझा नवरा गेला. तुझ्या वतीने राग धरून बसलो मी एवढे दिवस."

काकी पदर खोचत म्हणाली, "राग माझा होता, भावोजी. तुम्ही तो माझ्या दारातून उचलून नेलात आणि मला विचारलंही नाहीत. इनास माझ्या ताटात जेवतोय कधीपासून. धरा दोरी."

पेद्रूला असा धक्का आयुष्यात कधी बसला नव्हता. ज्या बाईचा राग मी सांभाळतोय म्हणून तो मान वर करून चालत होता, त्या बाईने रोज त्याच्या मुलाला जेवू घातलं होतं. त्याने मान खाली घातली आणि दोरी धरली. काकीने धरली. मग दोघांनी ओढली.

टणटण टणटण, टणटण टणटण.

धुक्यात चाचपडणाऱ्या होड्यांवर माणसं चाट पडली. या असल्या धुक्यात बाप्तिस्म्याची घंटा? कुणाकडे बाळ झालं? एकाची बायको पोटुशी होती, तो बिचारा उठून उभाच राहिला, होडी उलटायची बाकी. पण घंटा खणखणीत होती. सगळ्यांनी तिच्या रोखाने वल्ही मारली आणि सगळे घरी आले.

आणि वर काय झालं? मनगटापुढे दंड आला, मग खांदे आले, मग तोंड आलं. सगळ्यात शेवटी पायाशी सावली आली. इनास उभा होता, हडकुळा, ओठ हलवत. आणि त्याचा आवाज फुटला तेव्हा काय म्हणाला, ठाऊक आहे? अंगणात 'बा' म्हणून जे सांगायला गेला होता, ते. तेवढे दिवस ते त्याच्या घशात अडकून होतं.

"बा, मी फुगे खायला खाली उतरलो होतो. मला माफ कर."

पेद्रू म्हणाला, "मला माहीत होतं. तू सांगितलं असतंस, पण मी ऐकायला थांबलो नाही. तू मला माफ कर."

मग तिघं खाली आली. लोकांनी इनासला बघितलं आणि भराभर क्रूसाची खूण केली. फादर सगळ्यांत आधी भानावर आले. म्हणाले, "एवढं मोठं बाळ मी पहिल्यांदाच बघतोय." मग लोक हसले, आणि हसता हसता रडले. जुजेच्या थडग्यावर त्या दिवशी तिघांनी मिळून फुलं वाहिली. जुजे काही परत आला नाही, नाही टेसी, तो नाही आला. पण इनास पुढे काकीच्या घरचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, आणि जेवायला तिघं एका चुलीवर. धुकं पडलं की बाप आणि मुलगा दोघं मनोऱ्यावर चढायचे. एक दमला की दुसरा ओढायचा. एक फुगे खायला गेला तरी दोरी कुणाच्या तरी हातात असायची.

संपलं. आता ऑल्विन, आज दुपारपासून तू आणि तुझा बाबा एकमेकांशी बोलत नाही आहात, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला? चष्मा मी वाचायला लावते, घरात बघायला लावत नाही. तो बाहेर ओट्यावर बसलाय. जा, काय घशात अडकलंय ते सांगून ये. मी तोवर दिवा विझवत नाही.

आणि तू नीज, टेसी. तो येईल आत्ता.