द्या काय द्यायचं ते

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. खजिना उदंड, हात मात्र आखडता. एकदा कडाक्याच्या थंडीत एक म्हातारी गोधडी विकायला दरबारी आली. राजाने ती अंगावर घेतली. ऊब आवडली. म्हणाला, "जुन्या लुगड्यांच्या चिंध्या या. यांचं कसलं मोल?" आणि गोधडी तशीच ठेवून घेतली.

म्हातारी चेटकीण होती. ती भांडली नाही. खजिन्याच्या उंबऱ्यावर तिने एक फुंकर घातली आणि चालती झाली. आतले सोने बर्फागत गार पडले. पहाऱ्यावरचा हैबती शिपाई भाल्यासकट उभ्या उभ्या दगड झाला. मग खजिन्याच्या छपरावर एक शिंपी पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजाने एक गोधडी विकत घ्यावी. करणारीने खरं मोल सांगावं, राजाने ते मुकाट मोजावं. म्हणजे शाप उतरेल. संधी तीन. तिसरी हुकली, तर दगड तो दगडच."

हैबतीची बायको गोजरा. गोधडी शिवण्यात तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कोणी नव्हती. पण मोल सांगायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. "द्या काय द्यायचं ते," एवढेच तिला येई. गिऱ्हाइके तेवढेच देत. गिऱ्हाइकांना काय, ती शहाणीच असतात.

घरात हैबतीची बहीण भिवराही राहत असे. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, बोलणे मोजके. भिवरा जमिनीवर तुकडे मांडी, तांबड्याशेजारी हिरवे, हिरव्याशेजारी हळदी. मनासारखे जुळेपर्यंत उचली, पुन्हा मांडी. मग गोजरा सुई घेऊन बसे. लोक म्हणत, गोजरेची गोधडी.

नवऱ्याला सोडवायला पहिली गोधडी घेऊन गोजरा खजिन्याच्या दाराशी राजापुढे गेली. म्हणाली, "दोऱ्याचे दोन होन द्या, महाराज. लुगडी घरचीच होती, हातही घरचेच."

राजाने आनंदाने दोन होन काढले. तोच गोधडीचे सारे टाके उसवले आणि तुकड्यांचा ढीग पडला. हैबतीच्या दगडाला पायापासून गुडघ्यापर्यंत तडा गेला.

"हात घरचे, म्हणून फुकटचे?" पक्षी म्हणाला.

गोजरेने त्याच तुकड्यांची दुसरी गोधडी शिवली. या खेपेस मोलात कापड धरले, दोरा धरला, आपले दिवस धरले. धीर करून म्हणाली, "वीस होन."

"काही कमी-जास्त?" राजाने विचारले.

गोजरेच्या तोंडून सवयीने निघून गेले, "बरं, तुमच्यासाठी पंधरा."

टाके उसवले. तडा हैबतीच्या छातीपर्यंत चढला.

"त्याने घासाघीस केली, हिने ऐकली," पक्षी म्हणाला. "दोघंही चुकलात."

गोजरा घरी आली ती धुमसत. तिला राजाचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. "वन्सं, माझ्या कामाची कुणाला किंमतच नाही!"

भिवरा तुकडे जुळवत होती. वर न बघता म्हणाली, "खरंय, वहिनी."

तिसरी गोधडी जड झाली, म्हणून दोघी मिळून ती घेऊन गेल्या. गोजरेने ती राजापुढे अंथरली. "वीस होन, महाराज. एक कवडी कमी नाही."

राजा गोधडीकडे बघतच राहिला. "बाई, हे रंग कसे शोभतात एकमेकांशेजारी! ही करामत तुझीच ना?"

'हो' गोजरेच्या ओठांवर आले होते. इतक्यात तिची नजर दाराशी गेली. भिवरा खाली वाकून गोधडीचा मुडपलेला कोपरा सारखा करत होती. गोजरेला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"नाही, महाराज. जुळणी माझ्या वन्संची. माझे वीस झाले. त्यांचं मोल त्या सांगतील."

"मी?" भिवरा गोंधळली. "माझं कसलं आलंय काम? द्या काय द्यायचं ते."

गोजरा घाईने म्हणाली, "वन्सं, तेवढं म्हणू नका. असंच म्हणत मी यांना घालवून बसले असते!"

भिवराने दगड झालेल्या भावाकडे पाहिले. छातीवरचा तडा पाहिला. मग पदर खोचून ताठ उभी राहिली. म्हणाली, "वीस."

राजाने 'शिवणारीइतकेच?' म्हणायला तोंड उघडले. पक्ष्याने मान वेळावली. राजाने तोंड मिटले.

तो मुकाट मोजू लागला. गार सोन्याने त्याची बोटे निळी पडली, पण त्याने हात आखडला नाही. मोजता मोजता सोन्याचा गारठा ओसरत गेला. शेवटचा होन भिवराच्या तळव्यावर पडला तो चक्क कोमट होता.

भाला खणकन खाली पडला. तडा बुजला. हैबतीने डोळे चोळले. "अगं, तुम्ही दोघी इथे काय करताय?"

गोजरा रडली, हसली, पुन्हा रडली. राजाने त्याच दिवशी म्हातारीला शोधून तिच्या गोधडीचे मोल विचारले आणि ते मोजले. शिंपी पक्षी पाने शिवायला रानात निघून गेला.

हैबती मात्र कुडकुडत होता. "हाडं गोठलीत माझी. ती गोधडी दे पाहू."

"ती विकली," गोजरा म्हणाली. "तुम्हाला नवी हवी असेल, तर दोघींना विचारा. आधी वन्संना."

हैबतीने बहिणीकडे पाहिले. भिवराने भावाला पायापासून डोक्यापर्यंत मापले, जरा विचार केला आणि मोल सांगितले.