बंद टॅबमधलं दार

"मग चुकतंय कुठे, बाबा?"

टेकडीवरच्या दर्ग्यात राहणारे नूरबाबा अंगण झाडत होते. विचारणारे उद्धव मास्तर गावातल्या प्राथमिक शाळेचे, आणि जरा ताठच. त्यांनी टॅबवर स्वतः एक गोष्ट तयार केली होती. हरवलेली शेळी शोधत रानात गेलेल्या पोरीची. चित्राला बोट लावलं की चित्र हलायचं, दाराला लावलं की दार उघडायचं. शेवटी प्रश्न.

"ही शिरीन टॅबवर एकही उत्तर चुकत नाही," मास्तर म्हणाले. "पुस्तकही घडाघडा वाचते. पण काय वाचलंस विचारलं, की मूग गिळून बसते! बाप म्हणतो, डोक्यात शिरत नसेल तर शाळा पुरे."

शिरीन शेजारीच मान खाली घालून बसली होती.

मास्तरांना पोरीपेक्षा आपल्या टॅबची काळजी जास्त होती. पण तिला घेऊन ते टेकडी चढले होते, हेही खरं.

बाबांनी झाडू ठेवला. "वाच, बेटी."

शिरीन टॅबवरची गोष्ट वाचू लागली. "अंधार पडला. पोरीने झोपडीचं दार वाजवलं..."

तिचं बोट दाराकडे निघालं.

बाबांनी टॅब बंद केला आणि तिच्या मांडीवर पालथा ठेवला.

"अहो, दार उघडायचं राहिलं!" मास्तर म्हणाले.



दिवेलागण होऊन गेली होती. बाबांनी रोजचा दिवाही लावला नाही.

शिरीनचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिने वाकून टॅबला कान लावला.

"ती अजून वाजवतेय."

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"ती पोर. घाबरलीय... पण पळत नाहीये. शेळी आतच आहे ना. आतल्या माणसाने शेळीचं तोंड दाबून धरलंय."

मास्तर पुढे सरकले. "हे मी लिहिलेलंच नाही!"



मास्तरांनीही वाकून कान लावला.

टक... टक...

"बाबा," ते पुटपुटले, "मी यात दार वाजवल्याचा आवाज घातलाच नव्हता."

त्यांनी घाईघाईने टॅबचं बटण चाचपलं. बाबांनी त्यांचं मनगट धरलं आणि शिरीनकडे पाहिलं.

"बटणाने नको, मास्तर... पण दार उघड लवकर. पोर कधीची बाहेर उभी आहे."