चंद्रीचं औषध

बापूसाहेबांच्या चंद्री म्हशीनं तीन दिवस पान्हा सोडला नव्हता. दोन इंजेक्शनं वाया गेली होती आणि कास दगडासारखी झाली होती. आज दूध निघालं नाही तर सड कायमचे जाणार, हे कळत असल्यानं गोठ्यात कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं.

जनावरांची डॉक्टर शर्वरी हिनं विचारलं, "आधी धार कोण काढत होतं?"

"हौसाबाई. उलट बोलली म्हणून हाकलली. आता गडी काढतो."

"काका, म्हैस तिलाच शोधतेय. दारात कुणी आलं की कान टवकारते, ती नाही असं दिसलं की पाय झाडते."

"पोरी, जनावराला कसलं आलंय मन? चाळीस वर्षं म्हशी पाळतोय मी. तू मुकाट्यानं औषध लिहून दे."

शर्वरीनं चिठ्ठी लिहिली. बापूसाहेबांनी ती सवयीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, "हौसाबाई. रोज सकाळ-संध्याकाळ. खंड पडू देऊ नये."

त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय दुकानात मिळतं?"

"नाही काका. हे आणायला तुम्हालाच जावं लागेल."

बापूसाहेबांनी एकदा कासेकडे पाहिलं आणि पायात वहाणा सरकवल्या.