चार मानकरी आणि एक पालखी

“पालख्या खपत का नाहीत?” घुमटगडचा राजा उदंडराय भर सभेत गरजला.

गरजणारच! पालखी कंपनी काही त्याच्या एकट्याची नव्हती. रयतेने घरटी पैसे घालून तिचे भाग घेतले होते. कोठारात नव्याकोऱ्या पालख्या धूळ खात पडल्या होत्या आणि उद्या सगळे भागधारक जाब विचारायला गडावर येणार होते.

प्रधानजी खाकरले. म्हातारे खोटं बोलण्याआधी नेहमी खाकरतात.

“महाराज, कंपनीबाहेरच्या परिस्थितीचा आम्ही चौघा कारभाऱ्यांनी सखोल अभ्यास केला. बाहेर सगळं उत्तम! लोक पालखीसाठी नुसते झुरताहेत!”

“मग घेत का नाहीत?”

“भोई, महाराज! हल्लीची पोरं! खांदा देतात तोही उपकार केल्यासारखा. सगळ्या भोयांना गडावरून उतरवा, पालख्या आपोआप खपतील!”

खजिनदार, सेनापती आणि राजगुरूंनी माना डोलावल्या. अभ्यास म्हणतात तो हाच!

दाराशी आम्ही भोई उभे होतो. मी फिस्सकन हसलो. आमचा म्होरक्या आबा, म्हणजे माझा बाप, दातओठ खात पुटपुटला, “म्हाळ्या, गप! तुझ्या हसण्यापायी घर जाईल!”

“कोण हसलं?” राजा ओरडला.

“मी, म्हाळू भोई. पाठशाळा अर्ध्यात सोडलेला. गुरुजी म्हणाले होते, हा डोक्याने काही करणार नाही. खरं निघालं, महाराज. सगळं खांद्याने करतो.”

“मग या खांद्याला कारण ठाऊक आहे?”

“भोई सोडून बाकी सगळं कारण आहे. बाहेरचं वारं फिरलंय!”

“वारं म्हणे!” प्रधानजी फिसकारले. “महाराज, दाखवू दे ना त्याला! पण गडाबाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेरचा साक्षीदार आणायचा नाही. सूर्य मावळेपर्यंत जमलं नाही, तर सगळे भोई बायकापोरांसकट गडाखाली!”

“कबूल!” राजा म्हणाला.

“कबूल!” मीही म्हणालो. आबाने कपाळावर हात मारला. माझ्या तोंडाने मला कधी वर नेलं नव्हतं. आज सगळ्यांना खाली नेणार, अशी त्याची खात्रीच झाली.

मी खुशाल दाराशी टेकून बसलो. आबाने हळूच लाथ घातली. “अरे, काहीतरी कर!”

“करतोय. म्हातारे घरी जायची वाट बघतोय.”

ऊन उतरलं, सभा मोडली, तसा मी पुढे झालो. “महाराज, चारी कारभाऱ्यांच्या पालख्या एकदम चौकात मागवा. एकामागून एक नाही. एकदम!”

“त्यात काय अवघड? मागवा!” म्हणत राजा चौकावरच्या सज्ज्यात येऊन उभा राहिला.

चौघांचे चेहरे मात्र उतरले. चौकात आली एकच पालखी. आमचीच.

“बाकीच्या तीन कुठे आहेत?” राजाने विचारलं. “मी रोज सकाळी सज्ज्यातून चार पालख्या येताना पाहतो!”

“महाराज, तुम्ही चार म्हातारे येताना पाहता. पालखी तीच असते!” मी म्हणालो. “राजदारी पालखीतूनच उतरायचं, अशी दरबारची रीत. म्हणून हे पागेमागे छकड्यातून उतरतात आणि तिथून दारापर्यंत आम्ही एकेकाला उचलून आणतो. प्रधानजींना टाकून राजगुरूंसाठी परत पळावं लागतं. त्यात आम्ही दमतो आणि आळशी ठरतो! आता पागेमागची वाहनं मागवा.”

आले! चार छकडे, घंटा वाजवत!

राजाचे डोळे लाल झाले. “सेनापती! कंपनीचे कारभारी तुम्ही, आणि छकड्यातून फिरता?”

“महाराज, त्याला खालून लवचिक लोखंडी कमानी आहेत,” सेनापती चाचरले. “शेजारच्या राज्यात नवीन निघाल्यात. खड्ड्यातसुद्धा पाठ दुखत नाही.”

“खजिनदार, तुम्ही?”

“शिसवी लाकडाचा भाव कडाडलाय, महाराज. घाटापलीकडून येणं बंद झालं. आपली पालखी परवडते कुणाला?”

“राजगुरू, तुम्हीसुद्धा?”

“नात बोलत नाही हो माझ्याशी! म्हणते, आजोबा, चार माणसांच्या मानेवर बसायला लाज नाही वाटत? गावातली सगळी पोरं असंच बोलतात आता.”

प्रधानजी पुन्हा खाकरले. “माझं म्हणाल तर... ती खांदेपट्टी, महाराज. पालखी ठेवणाऱ्याने दर भोयामागे सरकारात कर भरायचा.”

“असला गाढव कर बसवला कुणी?”

सगळे राजाकडेच बघू लागले.

“सांगू?” मी विचारलं.

“नको!” राजा घाईने म्हणाला. मिशीवरून हात फिरवत त्याने मला निरखलं. “बाहेरचं सगळं वारं या चौघांच्याच पोटात निघालं! आणि तू रे शहाण्या? तुला हे सगळं आधीच ठाऊक होतं?”

“होतं तर! तरी मागच्या महिन्यात मीच कंपनीचा भाग घेतला. हे चौघे म्हणाले, भाव वाढणार. घुमटगडावरचा सगळ्यात मोठा मूर्ख शोधत असाल, तर तो तुमच्यासमोर उभा आहे!”

आता राजाला हसू आवरेना. “भोई गडावरच राहतील! खांदेपट्टी आजपासून बंद, आणि उद्यापासून कंपनी छकडे बांधेल! बाहेर काय चाललंय ते दर महिन्याला म्हाळू मला सांगेल, या चौघांना वगळून! आणि आत्ता याला मानाने घरी पोचवा. पालखीतून! भोई कोण, ते सांगायला नको!”

चौघांनी पगड्या सावरल्या आणि दांडीला खांदे दिले. मी आत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा! पालखी पुढून वर, मागून खाली, मग सगळीकडून आडवी. दोनदा डोकं आपटलं, एकदा जीभ चावली. चौकाच्या टोकाला पोचेपर्यंत कंबरेचा काटा ढिला!

मी पडद्यातून मान काढून बोंबललो, “महाराज, पाचवं कारण राहिलंच! आत बसवत नाही!”

राजा सज्ज्याच्या कठड्याला धरून खदाखदा हसला आणि त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून थेट पालखीत फेकलं. लागलं ते माझ्या टाळक्यात.