ढाण्याची जीभ आणि करंजगडचा गारवा

सांगा बरं, भर वैशाखात विश्वास कुणावर ठेवाल? राजाच्या जिभेवर, की कुत्र्याच्या? तुम्ही तर दुकानदार मंडळी. गिऱ्हाइकाचं तोंड ‘नको’ म्हणतं आणि डोळे ‘माल बांधा’ म्हणतात, हे ज्याला कळतं त्याला उत्तर सांगायला नको!

करंजगडच्या भानजीराजांनी दवंडीच पिटवली होती, ‘आमच्या राज्यात उकडत नाही!’ शेजारच्या राजाने आपल्या थंड हवेची फुशारकी मारली, एवढंच निमित्त. तेव्हापासून ऐन दुपारी अख्खा दरबार शाली पांघरून बसे आणि दात वाजवून दाखवी. कपाळावरून धारा लागत, त्यांना आनंदाश्रू म्हणायचं!

अशा दरबारात धनगराची म्हाकू राजांनी मागवलेली घोंगडी घेऊन आली. मागोमाग तिचा कुत्रा ढाण्या. आला, फरशीवर पसरला आणि हातभर जीभ काढून हाऽ हाऽ करू लागला.

“राजद्रोह!” राजे कडाडले. “हा कुत्रा उकडतंय म्हणतो! पोरी, दरबार उठायचा नगारा वाजायच्या आत त्याची जीभ आत घाल. नाहीतर कुत्रा जप्त!”

ढाण्या गेला तर लांडग्याला कोण अडवणार? मेंढरं काय दिवाणजी राखणार? म्हाकूने त्याचा जबडा मिटून धरला. ढाण्याच्या बरगड्या भात्यासारख्या उडू लागल्या, डोळे बाहेर आले. तिने हात काढला. जीभ पुन्हा लोंबली.

“एवढीशी जीभ आवरेना होय गं?” दिवाणजी खिदळले. त्यांच्या नाकावरून धार लागली होती. ती पाहून म्हाकूला हसूच फुटलं.

“महाराज, ढाण्याच्या अंगाला घाम फुटत नाही. त्याची सगळी आग जिभेवाटे बाहेर पडते. दिवाणजींचे आनंदाश्रू कपाळातून, याचे जिभेतून!”

“ते काही नाही! जीभ आत!”

“घालते की! पण थोरांच्या आधी धाकट्याने कसं घालायचं? आधी दरबाऱ्यांनी आपापले आनंदाश्रू कपाळात परत घालावेत!”

“घाला हो!” राजे गरजले.

दिवाणजींनी कपाळ दाबलं, सेनापतींनी चोळलं. पुरोहितबुवा तर खाली डोकं वर पाय करून उभे राहिले आणि ओरडले, “महाराज, आता शेंडीकडून गळतंय!”

ते पाहायला राजे पुढे वाकले. टप्पकन त्यांच्याच नाकावरचा थेंब ढाण्याच्या जिभेवर पडला. ढाण्याने तो मटकावला!

“महाराज,” म्हाकू म्हणाली, “तुमचा एक तेवढा ढाण्याने आत घातला. बाकीचे तुमचे तुम्ही घाला!”

राजे आधी लाल झाले आणि मग असे हसले, असे हसले, की शाल गळून पडली. ती काही त्यांनी पुन्हा उचलली नाही. म्हाकूला दुभती म्हैस मिळाली, ढाण्याला दिवाणजींची बैठक आणि वर नवा पंखा. दरबारात ताकाचा रांजण आला आणि हुकूम सुटला: ज्याला जेवढा घाम, त्याला तेवढं ताक!

ताकाचा रांजण आपल्या दुकानाच्या ओट्यावरही भरलेला आहे, मंडळी. फक्त घाम किती गाळला आणि ताक किती रिचवलं, तो हिशेब आपला आपण सचोटीने ठेवा बरं!